व पुढचं टिंब

बुधवारी सकाळी पोलिसांच्या बिनतारी खात्यातला शिपाई सायकलवरून आला, सही घेऊन एक कागद देऊन गेला, आणि तेव्हापासून आरोग्य कार्यालयात कुणी खुर्चीला पाठ टेकून बसलं नाही. लोकसभेत तारांकित प्रश्न लागला होता. साऱ्या देशातून नेमका याच नव्या जिल्ह्याबद्दल. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुंबईला फोनवरून कळवायचं, तिथून ते दिल्लीला जाणार आणि तिथे मंत्री ते उभं राहून वाचणार.

जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. कार्यालय अजून एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होतं. भिंतींच्या फटीतून अधूनमधून कापसाचे पुंजके निघत. पाण्याचा माठ होता, पण त्यात पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात प्रत्येकाने आपापली बाटली घरून आणायची आणि जपून प्यायची, असा नियम आपोआपच पडला होता.

विशाखा गजभारेने कागद तीनदा वाचला. ती सांख्यिकी सहायक होती. नांदेडच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली, बोलायला कमी आणि बोललीच तर इतक्या हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. प्रश्नाचे तीन भाग होते. (अ) चालू दुष्काळी वर्षात सदर जिल्ह्यास पोलिओ लशीचा किती पुरवठा झाला व त्यापैकी किती वापरली गेली. (आ) पोलिओने अपंगत्व आलेली किती मुले शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षा यादीवर आहेत. (इ) असल्यास, विलंबाची कारणे काय.

“सोपं हाय बाई,” मुख्य लिपिक शेषेराव म्हणाले. “(आ)ला लिवा ‘निरंक’. मग (इ)ला ‘प्रश्न उद्भवत नाही’. ऱ्हायलं (अ), ते तुमचं तुमी बघा.”

शेषेरावांचा आवाज असा, की शिपाई पंढरी म्हणायचा, भाऊसाहेबांना फोन कशाला लागतो, खिडकी उघडून बोलले तरी मुंबईला ऐकू जाईल. बहात्तरच्या दुष्काळात रोजचे आकडे ट्रंक कॉलवर ओरडून ओरडून तो असा झाला होता. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून सतरा ट्रंका लॉरीत घालून, त्यांच्यावरच बसून ते इथे आले होते. कार्यालयातली जवळजवळ प्रत्येक नोंदवही त्यांच्या हातची होती.

‘निरंक’, म्हणजे यादीवर कुणीच उरलेलं नाही, हे या कार्यालयाचं भूषण होतं. साहेबांच्या खोलीत चौकटीत घातलेलं एक पत्र होतं: प्रतीक्षा यादी पूर्णपणे निकाली काढल्याबद्दल अभिनंदन. वरून आलेलं. पाहुणा आला की साहेब त्याला तिकडे तोंड येईल अशा खुर्चीवर बसवत.

“भाऊसाहेब, यादीची वही जरा देता?”

“देतो की. पण त्यात काय बघणार? निरंक म्हणजे निरंक.”

वही सुरेख होती. लाल रेघा पट्टीने मारलेल्या, अक्षर मोत्यासारखं. एकशे बारा नावं. एकोणपन्नासांपुढे ‘शस्त्रक्रिया झाली’ आणि तारीख. उरलेल्या त्रेसष्टांपुढे एकच शब्द: ‘मयत’. तारीख नाही.

विशाखा बराच वेळ त्या पानांवर बोट फिरवत राहिली. पोलिओने पाय गेलेली लेकरं. पाय गेला म्हणून लेकरू मरत नाही. एकशे बारातली त्रेसष्ट म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि वाट बघणारं एकही नाही. एक तर ऑपरेशन झालं, नाही तर मेलं. अधेमधे कुणीच कसं नाही? ती उठली, बाटलीतलं घोटभर पाणी प्याली, पुन्हा बसली. आकडे जुळत होते. बेरीज बरोबर होती. तिला बरोबर बेरजेचीच भीती वाटत होती.

साडेबाराच्या सुमारास एक माणूस दारातून आत डोकावला. धोतर, डोक्याला उपरणं, गळ्यात लिंगाची चौका, चांदीची डबी. सीमेकडच्या गावचा, बोलण्यावरून कळत होतं.

“पोलिओची यादी हितंच असती का, अप्पा?”

“हाय. कोण पाहिजे?” शेषेरावांनी विचारलं.

“माझं नाव संगप्पा. पोरीचा नंबर बघायचा हाय. पुढच्या महिन्यात नांदेडला मुंबईचे डाक्टर येऊन शिबिर करून राहिले म्हणं. नर्सबाई म्हणाली, जिल्ह्याच्या यादीत नाव असंल तरच घेत्यात, धा वर्साच्या आत असंल तरच घेत्यात. पोरगी येत्या दिवाळीला धा वर्साची व्हईल.”

त्याने उपरण्याच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. घडीवर फाटलेली, मागून गोंदाने कागद लावलेली. जुन्या जिल्ह्याच्या दवाखान्यातली. क्रमांक ४१. गौरम्मा संगप्पा. नंबर आल्यावर पत्राने कळविण्यात येईल.

“चार वर्सं झाली. पोष्टमन आता मला बघितला की सायकल लांबून घेतो.”

शेषेरावांनी वही ओढली, बोट खाली आणलं. “एक्केचाळीस… गौरम्मा… हं.” आणि बोट तिथेच थांबलं. त्यांनी चष्मा काढला. एवढा मोठा आवाज, पण तो एकदम खाली आला. “कधी वारली हो?”

“कोण?”

“पोरगी.”

“कुनाची?”

“तुमचीच की. गौरम्मा.”

संगप्पाने मागे वळून पाहिलं, पुन्हा शेषेरावांकडे पाहिलं. “अवो, ती काय तिथं लिंबाखाली. भजे खाऊन राहिली.”

पंढरी हसू दाबायला बाहेर गेला आणि मुलीला घेऊनच आत आला. डावा पाय काठीसारखा वाळलेला. चालताना ती डाव्या हाताने गुडघा मागे दाबून धरायची, मग पुढचं पाऊल. उजव्या हातात कागदाचा तेलकट पुडा. तशी ती दारापासून टेबलापर्यंत आली.

“अप्पा, काय म्हंत्यात?”

“तू मेलीस म्हंत्यात.”

गौरम्माने शेषेरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मंग भजे कुनी खाल्ले?”

पंढरी आता उघडच हसला. शेषेराव हसले नाहीत. “दुसरी कुणी गौरम्मा असंल,” ते म्हणाले. “नावात नाव. व्हतं असं.”

“मूळ यादी कुठंय, भाऊसाहेब?” विशाखाने विचारलं.

“मूळ म्हंजे?”

“ज्यावरून ही उतरवली ती.”

ती सतरा नंबरच्या ट्रंकेत होती, तळाशी. पंढरीने वरचे गठ्ठे काढले तेव्हा धूळ उडाली आणि गौरम्माला शिंका आल्या. जुन्या दवाखान्याची वही कुठल्याशा घाईच्या हातची होती. विशाखाने ती खिडकीच्या उजेडात धरली. एक्केचाळीसवर, नावाच्या पुढे, लाल शाईत एकच अक्षर होतं. ‘व.’

तिने पान उलटलं. व. व. व. सगळे त्रेसष्ट. एकाच लाल पेनाने, एकाच तिरक्या हाताने, काही ठिकाणी शाई ओली असतानाच वही मिटल्यामुळे समोरच्या पानावर उमटलेले.

“हे काय लिहिलंय?”

“व.” शेषेराव म्हणाले. “वारले.”

“त्रेसष्टही?”

“लिवलंय ते लिवलंय, बाई. बारा वर्सं मी जन्म-मृत्यूच्या शाखेत काढली. हजारानं असे ‘व.’ टाकलेत या हातानं. व. म्हंजे वारले. उतरवताना वाटलं, ‘वारले’ घरगुती दिसतंय, म्हणून ‘मयत’ केलं.”

“शाई एकाच दिवसाची आहे, भाऊसाहेब.”

ती शेवटच्या पानावर गेली. तिथे एक रबरी शिक्का होता, अर्धा उठलेला. खाली त्याच लाल पेनाने भरलेली तारीख, जिल्हा वेगळा झाला त्या महिन्यातली. शिक्क्यातले शब्द तिने वाचले, मग वही फिरवून शेषेरावांपुढे ठेवली आणि ओळीखाली बोट धरलं.

नवीन जिल्ह्याकडे वर्ग.

शेषेरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दवाखान्याच्या बाबूने ज्यांचं ऑपरेशन राहिलं होतं त्या सगळ्यांपुढे ‘व.’ टाकून यादी नव्या जिल्ह्याकडे सोपवली होती, आणि नव्या जिल्ह्याने ती घेतली होती मृत्यूची नोंद म्हणून. चार वर्षं त्रेसष्ट घरं पोष्टमनची वाट बघत होती आणि इथे भिंतीवर अभिनंदनाचं पत्र होतं.

“चिठ्ठी द्या मला,” संगप्पा म्हणाला. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण नको ते कळलं होतं. “पत्र येईल म्हणू नका. पोरगी जिती हाय म्हणून लिवून द्या.”

विशाखाने कोऱ्या कागदावर लिहिलं: गौरम्मा संगप्पा, वय नऊ वर्षे, आज माझ्यासमोर हजर होती. सही केली, तारीख घातली, वेळही घातली. संगप्पाने तो कागद जुन्या चिठ्ठीसोबत गाठीत बांधला.

“आता नंबर लागंल का, अक्का?”

“शुक्रवारी पाच वाजता कळेल,” ती म्हणाली. याहून जास्त तिला माहीत नव्हतं, म्हणून याहून जास्त ती बोलली नाही.

* * *

साहेब दुपारी चारला आले. डॉ. भीमाशंकर बिरादार, जिल्हा आरोग्य अधिकारी, चांगले सर्जन होते एकेकाळी. आता टँकर, विहिरींचं अधिग्रहण आणि गॅस्ट्रोच्या साथी यांत त्यांचा दिवस जाई. त्यांनी उभ्यानेच ऐकलं.

“एक पोरगी जिवंत निघाली म्हणून बाकीची बासष्ट जिवंत धरायची?”

“नाही साहेब. म्हणूनच तपासायचं.”

“दीड दिवसात? त्रेसष्ट गावं?”

“एकतीस केंद्रं आहेत. उद्या पहाटे लस जाते.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलं ते असं. गेले अकरा दिवस लस गेली नव्हती, कारण बर्फ नव्हता. बर्फाच्या कारखान्याची विहीर टँकरसाठी घेतलेली. सोमवारी विहीर परत मिळाली, आता उद्या चारही जीप सगळ्या केंद्रांवर लशीचे डबे टाकतील आणि परवा दुपारपर्यंत रिकामे डबे घेऊन परततील. प्रत्येक डब्यात त्या त्या केंद्रातल्या मुलांची नावं लिहून चिठ्ठी घालायची. टपालाने गेलेला कागद केंद्रावर आठवडाभर पडून राहतो; लशीच्या डब्यातला कागद नर्सबाई डबा उघडल्या उघडल्या वाचते, कारण लस किती आलीय ते मोजायचं असतं.

“आणि नाही आली उत्तरं तर?”

“तर जेवढी आली तेवढी लिहू.”

“सभागृहाला तेवढी-बिवढी चालत नाही, गजभारे. आकडा लागतो.” पण त्यांनी नाही म्हटलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “निरंकचा मसुदाही टाइप करून ठेवा.”

शेषेरावांनी तो टाइप केला. विशाखा चिठ्ठ्या लिहीत होती, कार्बन घालून. नाव, वडिलांचं नाव, गाव. खाली: मूल आहे की नाही? नसल्यास तारीख. आणि त्याखाली तिने दोनदा रेघ मारली: संक्षेप वापरू नये. पूर्ण शब्द लिहावा. शेषेरावांनी ती ओळ वाचली आणि मान टाइपरायटरकडे वळवली.

* * *

गुरुवारी ती स्वतः श्रीमंतच्या जीपमधून गेली. श्रीमंत ड्रायव्हर गाडी हळू चालवायचा, कारण जोरात चालवली तर डब्यातला बर्फ घुसळतो असं त्याचं मत होतं. ते खरं की खोटं, तिने कधी तपासलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला जमीन फुटलेली. बाभळीसुद्धा करड्या झालेल्या. दर गावाच्या वेशीत हंडे-घागरींची रांग, माणसांशिवाय. बायका सावलीत बसायच्या आणि भांडी उन्हात नंबर धरून उभी राहायची.

पहिल्या केंद्रावर नर्सबाईने डबा उघडून चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाली, “हे तिन्ही हायत. हा तर काल माझ्या दारातली घागर पळवत व्हता, एका पायानं.” दुसऱ्या केंद्रावर दोन आहेत, एक कुटुंब हैदराबादकडे वीटभट्टीवर गेलेलं. तिसऱ्या केंद्रावरची नर्स रजेवर होती, म्हणून विशाखाच त्या गावात गेली. नाव एकच होतं. मारोती. आईचं नाव नागुबाई, हे गावात विचारल्यावर कळलं.

नागुबाई वेशीतच भेटली. टँकर यायचा होता. रांगेतली तिची घागर कितवी आहे ते ती मधून मधून उठून बघत होती.

“दवाखान्याचं? मारोतीचं?” तिने पदर सावरला. “नंबर लागला का त्याचा?”

त्या ‘लागला का’मध्ये काय होतं ते विशाखाला क्षणभर कळलंच नाही. मग बाजूची म्हातारी म्हणाली, “आगं, त्यास्नी सांग की.”

“गेला तो,” नागुबाई म्हणाली. “गेल्या चैतात. जुलाब लागले, दोन दिसात गेला. पत्र आलं न्हाई ते बरं झालं म्हनायचं, तो गेल्यावर आलं असतं तर वाटलं असतं, थोडक्यासाठी ऱ्हायलं.”

विशाखाने वही काढली. तिला लाज वाटत होती, तरीही तिने विचारलं. “तारीख आठवते का, मावशी?”

“तारीख कशापाई?”

“लिहायचीय. कुठंच लिहिलेली नाही.”

नागुबाईने थोडा विचार केला. “हनुमान जयंतीच्या आदल्या दिशी. त्याच्याच नावाचा सण, म्हनून ध्यानात ऱ्हायलं.”

विशाखाने तसंच लिहिलं, घरी जाऊन पंचांगावरून तारीख काढता येईल अशी खूण केली. ती उठली तेव्हा नागुबाईही उठली, रांगेकडे बोट करून म्हणाली, “हितं मी घागर काढून घेतली तर मागची पुढं सरकती. तसा त्याचा नंबर कुनाला तरी देऊन टाका, बाई. वाया घालू नका.”

दोन गावं मागे पडल्यावर जीपमध्ये श्रीमंत म्हणाला, “एकाचं तर खरं निघालं म्हनायचं भाऊसाहेबांचं.” विशाखाच्या डोक्यात तेच फिरत होतं. चुकून लिहिलेलं एका ठिकाणी खरं ठरलं, आणि ते इतर बासष्टांच्या चुकीहून तिला जास्त छळत होतं.

* * *

शुक्रवारी सकाळपासून रिकामे डबे येऊ लागले. चिठ्ठ्या बर्फाच्या पाण्यात भिजलेल्या. पंढरीने सुतळी बांधून त्या वाळत घातल्या. ‘आहे.’ ‘आहे.’ ‘आहे, लई दंगा करती.’ ‘आहे, कुबडी मागतो.’ ‘गाव सोडून गेले, हयात असल्याचे शेजारी सांगतात.’ विशाखा प्रत्येक नाव दोनदा तपासत होती. शेवटचा डबा दीड वाजता आला. पंचावन्न मुलं गावात होती. सात बाहेर गेलेली, पण हयात. एक नव्हता.

शेषेराव दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. डबा-चहाही एकट्याने. आता ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “(इ)मध्ये काय लिवलं, बाई? विलंबाचं कारण?”

तिने कागद पुढे केला. ‘नोंदीतील संक्षेपाच्या गैरसमजामुळे.’

“कुनाचा गैरसमज, ते न्हाई लिवलं.”

“विचारलेलं नाही,” ती म्हणाली.

अडीचला साहेब आले. दोन मसुदे त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांनी दोन्ही वाचले आणि कपाळ चोळलं.

“बासष्ट दाखवले तर पुरवणी प्रश्न येणार. चार वर्षं काय करत होतात? निरंक दाखवलं तर कुणी काही विचारणार नाही.”

“विचारतील, साहेब.”

“कोण? काय विचारतील?”

“जिल्हा सुरू झाला तेव्हाची संख्या, एकशे बारा, मुंबईला गेलेल्या अहवालात छापलेली आहे. शस्त्रक्रिया एकोणपन्नास, तीही छापलेली आहे. ज्याने प्रश्न घातला त्याच्याकडे हे दोन्ही आकडे असतील. तो वजाबाकी करील.” ती इतकं सलग कधी बोलत नसे. “मग विचारील, त्रेसष्ट मुलं कुठं गेली? तेव्हा काय सांगायचं, साहेब? मेली म्हणून? आणि कशाने मेली म्हणून?”

साहेब चौकटीतल्या पत्राकडे बघत राहिले.

“नांदेडच्या शिबिराच्या खाटा जिल्हावार यादीवरूनच देणार आहेत,” ती म्हणाली. “निरंक असेल तर आपल्याला एकही नाही.”

“ते माहीत आहे मला.” साहेबांनी पेन काढलं. मग पुन्हा थांबले. “आणि हे (अ)मध्ये? ‘अकरा दिवस बर्फ उपलब्ध नसल्याने दोनशे चौदा कुप्या बाद.’ हे कशाला? वापरल्या असं लिहा.”

“वीस मात्रांची एक कुपी, साहेब. चार हजार दोनशे ऐंशी मात्रा होतात. वापरल्या म्हटलं तर तेवढ्या मुलांना लस दिली असं होईल. ती मुलं राहिलीत.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. “राहू द्या हेही. मारच खायचा तर एकदाच खाऊ.” त्यांनी सही केली आणि निरंकचा मसुदा फाडून टोपलीत टाकला. “मी टँकरच्या बैठकीला चाललो. फोन तुम्ही करा. पंढरी, ती फ्रेम उतरव. तिथं कॅलेंडर लाव.”

* * *

पावणेपाचला कॉल लागला. विशाखाने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कुठेतरी समुद्र असावा तशी खरखर.

“लोकसभा प्रश्नाचं उत्तर…” ती म्हणाली.

“कोण? मोठ्यानं बोला!”

ती मोठ्याने बोलली. तिच्या मानाने फारच मोठ्याने. “काही ऐकू येत नाही बाई, दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला पाचला फाइल द्यायचीय!”

तिने पुन्हा प्रयत्न केला. घसा दुखला. घड्याळात चौदा मिनिटं उरली होती. तिने वळून पाहिलं. शेषेराव आपल्या टेबलाशी बसले होते, हात मांडीवर. तिने रिसीव्हर त्यांच्याकडे धरला. ते उठले नाहीत, मग उठले.

“हॅलो!” गोदामाच्या पत्र्याला कंप सुटला. “लिवून घ्या! भाग अ!”

लशीचे आकडे नीट गेले. बाद कुप्याही गेल्या. मग (आ) आला. शेषेरावांनी कागद दूर धरला. “नव्या जिल्ह्याकडे वर्ग झालेली मुले त्रेसष्ट. पैकी हयात व प्रतीक्षेत बासष्ट.”

“मयत बासष्ट,” पलीकडून परत वाचून दाखवलं.

“न्हाई न्हाई! हयात! हयात!”

“तेच लिहिलंय. मयत.”

“अवो हयात! ह! हरणाचा ह!”

“मरणाचा म?”

शेषेरावांनी डोळे मिटले. चार वर्षांपूर्वी एक घरगुती शब्द सोडून त्यांनी सरकारी शब्द घेतला होता. आता दुसरा सरकारी शब्द तारेवरून जातच नव्हता. विशाखाला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती.

“जिवंत!” ते ओरडले. “जि-वं-त! लेकरं जिवंत हायत! बासष्ट लेकरं जिती हायत आन् वाट बघून राहिलीत! लिवलं?”

पलीकडून आलं, “जिवंत. बासष्ट. लिहिलं. अहो, ओरडू नका एवढं. विलंबाचं कारण?”

शेषेरावांनी कागदाकडे पाहिलं. ‘नोंदीतील संक्षेपाच्या गैरसमजामुळे.’ त्यांनी तो कागद टेबलावर पालथा ठेवला.

“यादी उतरवताना वर्ग झालेली मुलं मेलेली धरली गेली. उतरवणारा मी. शेषेराव. मुख्य लिपिक.”

“हे असं लिहू?”

“लिवा.”

“नाव नको हो, साहेब, सभागृहात नाव नसतं. ‘लिपिकाच्या चुकीमुळे’ लिहितो.”

“तसं तर तसं. पण लिवा.”

“आणि त्रेसष्ट की बासष्ट? वर त्रेसष्ट म्हणालात. शिबिराच्या खाटांची यादीही माझ्याकडूनच जाते, एकच आकडा द्या.”

शेषेरावांनी विशाखाकडे पाहिलं.

“बासष्ट,” ती म्हणाली.

“बासष्ट,” ते फोनमध्ये म्हणाले, आणि या वेळी ओरडले नाहीत, तरी पलीकडे ऐकू गेलं. “एक गेला. गेल्या चैत्रात.”

पाचला तीन मिनिटं कमी असताना फोन ठेवला. पंढरीने कुणी न सांगता आपल्या बाटलीतलं पाणी भाऊसाहेबांना दिलं. त्यांनी ते प्यायलं, तोंड पुसलं, आणि ती सुरेख अक्षरांची वही उघडली. पट्टी घेतली. एकेका ‘मयत’वर एक सरळ रेघ मारून त्यापुढे ते लिहू लागले: प्रतीक्षेत. पूर्ण शब्द, टिंब नाही. एक्केचाळीसला आल्यावर थोडे थांबले आणि म्हणाले, “हिला दिवाळीपर्यंत धा व्हतील. हिचं नाव पहिल्या तुकडीत घाला, बाई.”

“वयानं लावणार आहे मी,” विशाखा म्हणाली. “ती चौथी येते.”

“चौथी चालंल.”

मारोतीच्या ओळीवर पट्टी ठेवून त्यांनी वर पाहिलं. विशाखाने पंचांगातून काढलेली तारीख एका कागदावर लिहून ठेवली होती. तिने तो कागद पुढे सरकवला. शेषेरावांनी पट्टी उचलली, तिथला शब्द तसाच ठेवला आणि त्याच्यापुढे तारीख घातली.